हिवाळी ऑलिंपिकची पदके तक्त्यात मांडताना

पदकतालिका सुवर्णांच्या क्रमाने छापली जाते आणि त्यामुळे काही देशांचे यश झाकले जाते. 2022 च्या बीजिंग स्पर्धेत कॅनडाने 26 पदके मिळवली, पण त्यांतील सुवर्णे केवळ 4 असल्याने तो अकराव्या स्थानी दिसतो. एकूण पदकांत मात्र तो चौथा ठरतो. यावर साधा उपाय असा:

1. स्प्रेडशीटमध्ये देश, सुवर्ण, रौप्य आणि कांस्य असे चार स्तंभ भरावेत.
2. या चारही स्तंभांवरून आडव्या पट्ट्यांचा 'स्टॅक्ड बार' आलेख काढावा आणि देश एकूण पदकांनुसार उतरत्या क्रमाने लावावेत. नॉर्वेची 16, 8 आणि 13 अशी 37 पदके एकाच पट्टीत तीन रंगांत दिसतात, म्हणजे संख्या आणि दर्जा दोन्ही एका नजरेत कळतात. वर्तुळाकृती आलेख येथे टाळावा, कारण जवळजवळच्या संख्यांतील फरक त्यात डोळ्यांना जाणवत नाही.
3. दर 10 लाख लोकसंख्येमागील पदकांचा आलेख वेगळा काढावा. नॉर्वेचा आकडा सुमारे 7 येतो, तर 27 पदके जिंकणाऱ्या जर्मनीचा जेमतेम 0.3.

मात्र या दुसऱ्या आलेखातून अगदी लहान देश वगळावेत. सुमारे 38 हजार वस्तीच्या लिक्टेनस्टाईनने 2018 साली एकच कांस्य जिंकले, तरी त्याचा आकडा 26 च्या आसपास जातो आणि बाकीच्या सर्व पट्ट्या खुज्या दिसू लागतात.