युक्का घरात: पावसाळ्यात हात आवरा

युक्का म्हणजे जाड खोडाचं, तलवारीसारख्या पानांचं शोभेचं झाड. आमच्या सोसायटीत कुणाचा युक्का मलूल झाला की मला विचारणा होते, "काकू, पानं लोंबतायत, पाणी वाढवू का?" मी आधी खोड दाबून बघायला सांगते. टणक लागलं तर पाण्याचा विचार करू. बोटाखाली मऊ लागलं, तर पाणी आधीच जास्त झालंय आणि आणखी घातलंत तर झाड जाईल.

नर्सरीत घरासाठी मिळतो तो बहुतेक युक्का जायगँटिया, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. याचं पांढरं फूल एल साल्वाडोरचं राष्ट्रीय फूल आहे. तिथे पाकळ्या अंड्यात परतून खातात. आपल्या हॉलमधल्या कुंडीत मात्र फुलाची आशा धरू नका. घेताना ओंडका, म्हणजे त्याचं जाड खोड, हलकेच हलवून पाहा. डुगडुगला तर मुळं धरलेली नाहीत, दुसरा निवडा. वरच्या कापावर मेण असतं, ते खरवडू नका. युक्का अलॉयफोलिया नावाचा भाऊबंदही मिळतो, पण त्याच्या पानांची टोकं चांगलीच टोचतात, लहान मुलं असलेल्या घरात तो नको. आणि कुत्रं-मांजर पानं चावत असेल तर कुठलाच युक्का त्याच्या तोंडाला येईल असा ठेवू नका. त्यातल्या सॅपोनिन या विषारी घटकामुळे उलट्या होतात.

याला उजेड भरपूर लागतो. दक्षिणेची किंवा पश्चिमेची खिडकी उत्तम. टीव्हीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पानं लांबट आणि लुळी होतात, शिवाय उजेड कमी म्हणजे झाड पाणीही कमी ओढतं आणि माती ओलीच राहते. पण घरातलं झाड उचलून थेट मे महिन्याच्या गच्चीवरही नेऊ नका, पानं भाजून पांढरट डाग पडतात. आधी दोन आठवडे फक्त सकाळचं कोवळं ऊन द्या.

काळी माती या झाडाला नकोच. ती पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मी दोन भाग पोयटा, दोन भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा आणि एक भाग गांडूळखत घेते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी घालत नाही. कुंडी मातीची, भोक मोठं. फुलदाणीसारख्या बिनभोकाच्या शोभेच्या कुंडीत थेट कधीच लावू नका.

आता पाणी. जुनी, जळून उरलेली उदबत्तीची काडी मातीत खोल खुपसा आणि बाहेर काढा. ओलसर माती चिकटून आली तर थांबा. कोरडी निघाली तर खालून वाहेपर्यंत पाणी द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. रोज घोट-घोट पाणी देण्याने वरची माती ओली दिसते, बाकी काही साधत नाही. पुण्यात माझ्याकडे उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी वेळ येते, थंडीत दोन-तीन आठवड्यांनी. खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. ऊन नाही, हवा दमट, माती वाळतच नाही. तेव्हा कॅलेंडर बघू नका, फक्त काडी बघा. महिनाभर पाणी नाही दिलं तरी ओंडक्यातल्या साठ्यावर झाड निभावतं. गॅलरीत पावसाचे फवारे येत असतील तर कुंडी आत घ्या.

खालची एखाद-दुसरी पानं पिवळी पडणं नैसर्गिक आहे, वाळली की खाली ओढून काढा. टोकं तपकिरी होत असतील तर पाणी तपासा. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं आणि युक्काला ते सोसत नाही. तिथे पावसाचं पाणी साठवून घाला. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, दिसला तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, मग आठवड्याने निंबोळी तेलाची फवारणी.

खोड खालून मऊ झालंच, तर शेंडा वाचवता येतो. आतला गर पांढरट आणि टणक लागेपर्यंत खालून वर कापत जा, खालची बरीच पानं काढा, तुकडा सावलीत तीन-चार दिवस सुकू द्या. मग जेमतेम ओलसर रेतीत, वरची बाजू वरच ठेवून, लावा. नवं पान फुटेपर्यंत उपटून मुळं बघू नका. झाड छताला टेकलं म्हणून कापलंत, तर बुंधाही टाकू नका; कापाच्या खालून दोन-तीन फुटवे येतात.