जुन्या पीसीवर लिनक्स टाकताय? मग डेस्कटॉप कुठला घ्यायचा ते आधी बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून सांगली-मिरजेत जो तो हेच विचारतोय, की आमचा पीसी विंडोज ११ घेत नाही, टीपीएम (सुरक्षेची चिप) नाही म्हणतोय, प्रोसेसर जुना म्हणतोय, आता विंडोजऐवजी लिनक्स टाकू का. टाका की. चांगलं चालणारं मशीन भंगारात कशाला घालायचं. पण लिनक्स टाकायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो डेस्कटॉप कुठला, म्हणजे स्क्रीनवरची मेनू-पट्टीची रचना कुठली, आणि इथं बरीच मंडळी यूट्यूबवर चकाचक व्हिडिओ बघून काहीतरी उचलतात आणि आठ-पंधरा दिवसात वैतागून परत मागं फिरतात. लिनक्स वाईट म्हणून नाही फिरत, हाताला न बसणारा डेस्कटॉप गळ्यात पडला म्हणून फिरतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे डेस्कटॉप आणि डिस्ट्रो यात गल्लत करू नका. उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन या डिस्ट्रो झाल्या, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे तयार संच. त्यावर तुम्हाला डोळ्याला जे दिसतं, खालची पट्टी, मेनू, विंडो, फाइल मॅनेजर, सेटिंग, कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह, ते सगळं डेस्कटॉप एनव्हायर्नमेंटकडून येतं. तोच फायरफॉक्स, तेच लिब्रेऑफिस, तोच व्हीएलसी कुठल्याही डेस्कटॉपवर चालतो. प्रिंटरचं काम पण सगळीकडं कप्स नावाची एकच सिस्टीम बघते, त्यामुळं ग्नोम नावाच्या डेस्कटॉपवर प्रिंटर चालेना म्हणून केडीई हा दुसरा डेस्कटॉप टाकून उपयोग नाही. आणि टॅली, कोरलड्रॉ ही सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाहीत, डेस्कटॉप कुठलाही घ्या. मार्केट यार्डात ज्यांचा सगळा हिशोब टॅलीत आहे त्यांनी ते मशीन विंडोजवरच ठेवावं आणि लिनक्स दुसऱ्या मशीनवर टाकावं, उगीच चालू धंद्यात प्रयोग नको.

आता निवड कशी करायची. माझं मत ठाम आहे, आधी मशीन बघा आणि मग ते कोण वापरणार ते बघा. दिसायला कसं आहे हे सगळ्यात शेवटी, कारण थीम, वॉलपेपर, आयकॉन नंतर कसेही बदलता येतात.

मशीनमध्ये मुख्य बघायची रॅम आणि डिस्क. रॅम २ जीबी असेल तर एलएक्सक्यूट किंवा एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपशिवाय दुसरीकडं बघू नका. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई आरामात चालतं, मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप पण चालतो, मिंटवाले स्वतः कमीत कमी २ जीबी आणि नीट वापरायला ४ जीबी सांगतात. ८ जीबी किंवा जास्त असेल तर मग काहीही घ्या, रॅमचा विचार सोडून द्या. एक ध्यानात ठेवा, डेस्कटॉप रॅम खातो त्यापेक्षा ब्राउझर जास्त खातो, दहा टॅब उघडून ठेवायची सवय असेल तर हलका डेस्कटॉप टाकून जे वाचवलं ते ब्राउझर गिळणार. आणि मशीनमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पहिले पैसे एसएसडीवर घाला. एसएसडीवर जो फरक पडतो तो कुठल्याच डेस्कटॉपनं पडत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि अर्धे लोक तरीपण आधी डेस्कटॉपच बदलत बसतात.

माणसाचं बघताना त्याचा हात कुठं जातो ते बघा. आमच्या ओळखीच्या एका काकांचं अडतीचं दुकान आहे, हळदीचं. कीबोर्डच्या फटीत पिवळी धूळ बसलेली, माउसचं डावं बटण घासून गुळगुळीत झालेलं. त्यांच्यासमोर मी ग्नोम उघडून ठेवला तर काकांचा माउस सरळ खाली डाव्या कोपऱ्यात गेला, तिथं काहीच नाही म्हटल्यावर दोन-तीनदा तिथंच क्लिक केलं, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "अरे स्टार्ट कुठाय वं ह्याचं?" मग सिनॅमन दाखवला. खाली डावीकडं मेनू, मेनूत शोधायची जागा, खाली उघडलेल्या फाइलींची पट्टी, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. काकांनी काही न विचारता सौद्याची शीट उघडली आणि कामाला लागले. वीस वर्षांची सवय झालेला हात पंधरा मिनिटांत बदलत नसतो आणि बदलायची गरज पण नाही.

म्हणून घरातले मोठे, दुकान, छोटं ऑफिस, किंवा विंडोजवरून पहिल्यांदाच येणारं कुणीही असेल तर माझं उत्तर लिनक्स मिंटचं सिनॅमन. हा डेस्कटॉप मिंटवाल्यांनीच बनवला. झालं असं की २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि त्यात जुनी पट्टी-मेनूची रचना पार बदलून टाकली, लोक नाराज झाले, तेव्हा काहींनी जुनं ग्नोम २ पुढं चालू ठेवलं ते माटे, आणि मिंटनं नव्या तंत्रावर जुन्या पद्धतीची रचना बांधली तो सिनॅमन. अपडेट आला तरी मेनू तिथंच राहतो, बटणं तिथंच राहतात, एवढ्यासाठी मला तो आवडतो. माटे पण चांगला आहे, हलका आहे, फक्त त्यात नवीन फार काही येत नाही.

एक्सएफसीई जुन्या मशीनचा राजा. अगदी १९९६-९७ पासून चालू असलेला प्रोजेक्ट आहे, नवीन व्हर्जन यायला दोन-दोन वर्ष लागतात, पण आलेलं व्हर्जन दणकट असतं. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या किंवा झुबंटू किंवा एमएक्स लिनक्स. त्यात एक गोष्ट नवीन माणसाला हमखास त्रास देते, विंडोची कड इतकी बारीक असते की माउसनं पकडून विंडो लहान-मोठी करताना कड सापडतच नाही. त्यावर उपाय सोपा आहे, ऑल्ट दाबून धरा आणि विंडोत कुठंही राइट क्लिक धरून ओढा. दुसरं, स्क्रीन एकदम जास्त रिझोल्यूशनची असेल आणि अक्षरं सव्वापट किंवा दीडपट मोठी पाहिजे असतील तर एक्सएफसीईवर ते नीट जमत नाही, कुठं बटण मोठं कुठं लहान असं होतं. जुन्या लॅपटॉपला हा प्रश्न येतच नाही म्हणा. एलएक्सक्यूट त्याहून हलका, लुबंटूमध्ये मिळतो, रॅम फारच कमी असेल तर घ्या, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता केडीई प्लाझ्मा. वालचंद कॉलेजच्या बाजूला विश्रामबागेत राहणारी जी इंजिनिअरिंगची पोरं विचारतात त्यांना मी बहुतेक वेळा हाच सांगतो. केडीई १९९६ मध्ये मथियास एट्रिख यांनी सुरू केला आणि तो ज्या क्यूटी लायब्ररीवर (विंडो-बटणं बनवायच्या तयार कोडवर) बांधला होता तिचं लायसन्स तेव्हा पूर्ण मुक्त नव्हतं म्हणून १९९७ मध्ये ग्नोम सुरू झाला, लिनक्सवर दोन मोठी घराणी झाली ती तेव्हापासून. केडीई जड आहे ही ऐकीव गोष्ट जुन्या काळातली, आता तसं राहिलं नाही, ८ जीबीवर मस्त पळतो. यात काय पाहिजे ते बदलता येतं, पट्टी वर घ्या, बाजूला घ्या, दोन पट्ट्या करा, डॉल्फिन फाइल मॅनेजरमध्ये एफ३ दाबलं की एका विंडोत दोन फोल्डर शेजारी शेजारी उघडतात आणि फाइली इकडून तिकडं टाकायला इतकं सोयीचं पडतं की नंतर दुसरं काही नको वाटतं. केडीई कनेक्ट नावाचं ॲप फोनवर टाका, मग त्याच वायफायवर फोनमधले फोटो केबल न लावता पीसीवर येतात, फोनचं नोटिफिकेशन स्क्रीनवर दिसतं. हे ॲप बाकी डेस्कटॉपवर पण चालतं पण प्लाझ्मात ते एकदम घरचं असल्यासारखं बसतं. तोटा एकच, सेटिंग इतक्या आहेत की ज्याला उगीच खुडबुड करायची सवय आहे तो दिवसभर सेटिंगच करत बसतो, अभ्यास राहतो बाजूला. अशा पोरांना मी आधीच सांगतो की पहिल्या आठवड्यात काय ते बदलून घ्या आणि नंतर हात लावू नका.

ग्नोमबद्दल लोक लगेच नाक मुरडतात ते मला पटत नाही. लॅपटॉप असेल, टचपॅड बरा असेल, आणि वापरणारा शिकायला तयार असेल तर ग्नोमसारखं शांत वातावरण दुसरीकडं नाही. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली की दाबली की सगळ्या उघड्या विंडो समोर पसरतात, तीन बोटं आडवी सरकवली की दुसरा वर्कस्पेस, म्हणजे विंडो मांडायला दुसरी मोकळी स्क्रीन. फक्त मूळ ग्नोममध्ये मिनिमाइझचं बटण नाही, डेस्कटॉपवर फाइल ठेवायची सोय नाही, हे आधी माहिती असावं. उबंटूमध्ये बाजूला डॉक आणि डेस्कटॉपवर आयकॉन त्यांनी स्वतः जोडून दिलेत, त्यामुळं तो जरा ओळखीचा वाटतो. आणि एक्स्टेन्शन म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्राम टाकून ग्नोमला विंडोजसारखं करायचा नाद करू नका, ग्नोमचं नवीन व्हर्जन दर सहा महिन्यांनी येतं आणि त्यावेळी एक्स्टेन्शन बंद पडतात, मग तुमची पट्टी एका सकाळी गायब. ग्नोम घ्यायचा तर जसा आहे तसा घ्या, नाहीतर सिनॅमन किंवा केडीई आहेच की.

वेलँड आणि एक्स११ चं भांडण ऐकलं असेल. हे स्क्रीनवर चित्र दाखवायच्या दोन पद्धती आहेत, वेलँड नवी. ग्नोम आणि केडीई वेलँडवर गेलेत, उबंटूनं २५.१० पासून ग्नोमचं एक्स११ सेशन काढूनच टाकलं. सिनॅमन आणि एक्सएफसीई अजून मुख्यतः एक्स११ वर आहेत. तुमच्या कामात कुणी लांबून रिमोट घेऊन मशीन दुरुस्त करत असेल, पुण्यातला भाऊ गावाकडच्या वडिलांचा पीसी बघतो तसं, तर काही रिमोट सॉफ्टवेअर वेलँडवर अडतात, तिथं सिनॅमन किंवा एक्सएफसीई सोपं पडतं. दोन वेगवेगळ्या आकाराचे मॉनिटर लावायचे असतील तर उलट, वेलँडवाले बरे.

मराठी टायपिंग मात्र सगळ्यांनी तपासायचंच, कारण निवडीत लोक हेच विसरतात. कीबोर्ड लेआउटमध्ये भारतीय गटात मराठी इनस्क्रिप्ट आणि मराठी कगप फोनेटिक हे दोन लेआउट बहुतेक सगळीकडं तयार मिळतात. रोमनमध्ये लिहून देवनागरी करायचं असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स हे टायपिंगचं सॉफ्टवेअर लागतं. ग्नोममध्ये आयबस आधीच जोडलेला असतो, सेटिंगमध्ये भाषा घातली की सुपर आणि स्पेसनं बदलता येते. केडीईत वेलँडवर सिस्टीम सेटिंगमधल्या व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर जाऊन आयबस किंवा एफसीआयटीएक्स निवडावं लागतं, नाहीतर टाइप केलं तरी इंग्रजीच उमटत राहतं आणि माणूस हैराण होतो. तपासताना नुसतं नमस्कार लिहून सोडू नका. कृष्णा, ज्ञानेश्वर, बऱ्याच, ॲप, ऑफिस एवढे शब्द लिहून बघा, बऱ्याचमधला अर्धा र नीट आला आणि ॲच्या जागी चौकोन आला नाही म्हणजे फॉन्ट ठीक आहे. चौकोन आला तर नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट टाका.

हे सगळं तपासायला इन्स्टॉल करायची गरज नाही. १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरून डिस्ट्रो सुरू करणारं सॉफ्टवेअर) टाका, आणि मिंट सिनॅमन, मिंट एक्सएफसीई, कुबंटू (केडीईवाला उबंटू) अशा दोन-तीन आयएसओ फाइली, म्हणजे डिस्ट्रोच्या डाउनलोड केलेल्या फाइली, नुसत्या कॉपी करा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा त्यातले फोटो-बिटो काढून घ्या. मशीन चालू करताना डेल आणि लेनोवोवर साधारणपणे एफ१२, एचपीवर एफ९ दाबलं की पेनड्राइव्ह निवडता येतो, मग लाइव्ह मोडमध्ये हार्ड डिस्कला हात न लावता डेस्कटॉप चालतो. तिथं स्क्रीनसेव्हर बघत बसू नका, आपलं रोजचं काम करा. वायफाय जोडा, एक मराठी पत्र लिहा, प्रिंट काढा, यूट्यूबवर व्हिडिओ लावून आवाज बघा, लॅपटॉपचं झाकण पाडून परत उघडा आणि मशीन जागं होतंय का बघा. सगळ्यात महत्त्वाचं, जो वापरणार आहे त्याला खुर्चीत बसवा आणि तुम्ही मागं उभं राहून गप्प बघा. पेनड्राइव्हवर सगळं जरा हळू चालतं, त्यावरून स्पीडचा अंदाज बांधू नका.

निवड झाली की तो डेस्कटॉप जिथं मूळचाच येतो ती डिस्ट्रो घ्या. उबंटूवर ग्नोम आहे आणि त्यावरच एक्सएफसीई चढवला असं करता येतं, लॉगिनच्या पानावर छोटं गिअरचं चिन्ह असतं तिथून सेशन निवडायचं, पण मग दोन फाइल मॅनेजर, दोन टर्मिनल, दोन सेटिंग असा सगळा गोंधळ मेनूत भरतो. तरी प्रयोग करायचाच असेल तर आधी टाइमशिफ्ट नावाच्या सॉफ्टवेअरनं स्नॅपशॉट घ्या, म्हणजे सिस्टीमची आत्ताची स्थिती जपून ठेवा, आणि नवा डेस्कटॉप बघायला वेगळा युजर अकाउंट काढा, कारण डेस्कटॉपच्या सेटिंग होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइलींत जातात आणि एकाच अकाउंटवर दोन डेस्कटॉप वापरले की थीम आणि आयकॉन एकमेकांत मिसळतात. इन्स्टॉल होताना मध्येच जीडीएम, लाइटडीएम किंवा एसडीडीएम या लॉगिनचं पान दाखवणाऱ्या प्रोग्राममधलं कुठलं ठेवू असं विचारतं, तेव्हा जे आधीपासून होतं तेच ठेवा. आणि एवढं करून रीस्टार्टनंतर लॉगिनचं पानच आलं नाही, स्क्रीन काळीच राहिली, तर घाबरून फॉरमॅट मारू नका, कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबा, काळ्या पानावर नाव आणि पासवर्ड मागेल तो द्या, आणि तिथून टाइमशिफ्टचा जुना स्नॅपशॉट परत आणा.