प्रिक टेस्टच्या आधी स्ट्रिप उलटी करून वाचा

अ‍ॅलर्जीच्या स्किन प्रिक टेस्टची (हाताच्या त्वचेवर संशयित गोष्टींचे थेंब टोचून बघायची तपासणी) तारीख मिळाली की सात दिवस मागे मोजा. तिथून हिस्टामिन अडवणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, म्हणजे सेट्रीझिन, लेवोसेट्रीझिन, फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, अ‍ॅव्हिल बंद. एवढं बहुतेक जण करतात. घोळ होतो तो जोडगोळ्यांत. मॉन्टेलुकास्ट हे दमा-सर्दीचं औषध टेस्टच्या आड येत नाही, पण आपल्याकडे ते बऱ्याचदा लेवोसेट्रीझिनसोबत एकाच गोळीत येतं आणि घरात तिला नुसतं ‘रात्रीची गोळी’ म्हणतात. ती चालूच राहते. म्हणून स्ट्रिप उलटी करा, घटक वाचा. हिस्टामिन अडवणारं औषध कुठेही लपलेलं असतं. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉलच्या शेजारी क्लोरफेनिरामिन, खोकल्याच्या औषधात तेच नाहीतर डायफेनहायड्रामिन, घाटात गाडी लागू नये म्हणून घेतलेल्या अव्होमिनमध्ये प्रोमेथाझिन, चक्करच्या गोळीत सिनारिझिन. आदल्या दिवशी चार शिंका आल्या म्हणून मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेली एक गोळी सगळ्यावर पाणी फिरवते.

टोचल्यावर त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, त्याने गांधी उठते. औषध अंगात असेल तर ती उठतच नाही आणि धुळीची अ‍ॅलर्जी असूनही ‘नाही’ दिसते. हे पकडायलाच एक टोचा नुसत्या हिस्टामिनचा असतो, एक सलाइनचा. पंधरा-वीस मिनिटांत हिस्टामिनच्या जागी सलाइनपेक्षा निदान 3 मिमी मोठी गांधी नसेल, तर बाकीचे ‘निगेटिव्ह’ टोचे वाचण्यात अर्थ नाही. पुन्हा तारीख घ्या.

अमिट्रिप्टिलिन आणि डॉक्सेपिन ही नैराश्यावरची औषधंसुद्धा गांधी दाबतात. ती मनाने सोडायची नाहीत, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं. प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉल ही बीपी-हृदयाची औषधं निकाल बिघडवत नाहीत, पण अ‍ॅलर्जीचा झटका आलाच तर त्यांच्यामुळे जीव वाचवणारं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही. म्हणून आधी सांगा, आणि तीही मनाने थांबवू नका. अ‍ॅसिडिटीचं फॅमोटिडिन दोन दिवस आधी बंद.

टोचायचं त्या हातावर स्टेरॉइडचं मलम लागतंय का? दोन-तीन आठवडे थांबवा. ‘आम्ही स्टेरॉइड लावत नाही’ म्हणणाऱ्यांच्या गजकर्णाच्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल हे कडक स्टेरॉइड निघतं. ट्यूबही वाचा. दम्याचा इनहेलर आणि नाकातला साधा स्टेरॉइड स्प्रे चालू ठेवा, मात्र स्प्रेत अ‍ॅझेलास्टिन (हेही हिस्टामिन अडवतं) जोडलेलं असेल तर तो कधी थांबवायचा ते विचारा. पुन्हा तेच, लेबल वाचा.

अंगावर रोज पित्त उठतं आणि गोळीशिवाय भागतच नाही, तर हट्ट कशाला? रक्तातली स्पेसिफिक आयजीई (अ‍ॅलर्जी घडवणारी प्रतिपिंडं) तपासणी करा, तिला या गोळ्यांची बाधा नाही. मधल्या दिवसांत ओठ सुजले, श्वास लागला तर टेस्ट गेली खड्ड्यात, थेट दवाखाना.

त्या दिवशी खाऊन जा, हाताला लोशन नको, बाह्या सैल. दमा उसळलेला असेल तर टेस्ट पुढे ढकला. चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्स, बाटल्या, ट्यूबा पिशवीत घालून न्या, कापलेल्या अर्ध्या स्ट्रिपसकट.