साहेबांना सीसी टाकण्याआधी: ऑफिसातल्या या चुका टाळा

भोसरी एमआयडीसीत अकाउंट्सच्या टेबलावर मला बावीस वर्षं झाली. दर पावसाळ्यात नवी पोरं रुजू होतात आणि दिवाळीच्या आत त्यांतला एकतरी येऊन सांगतो, "मॅडम, स्टोअर्सवाले मुद्दाम अडवतात." मी म्हणते, शेवटचा मेल दाखव. पहिल्याच मेलच्या सीसीत प्लँट हेड!

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलणार. नोकरीचा चौथा महिना होता. एका छोट्या सप्लायरचं बिल अडकलेलं, कारण स्टोअर्सकडून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, येत नव्हता. सप्लायरचा दिवसातून दोनदा फोन. मी वैतागून मेल ठोकला: "वारंवार कळवूनही..." वारंवार म्हणजे एकदा. सीसीत आमचे साहेब आणि त्यांचेही साहेब. अर्ध्या तासानं स्टोअर्सचे काका वर आले. आवाज चढवला नाही. "ताई, जरा खाली येता का?" एवढंच म्हणाले. खाली कोपऱ्यात त्याच बिलाची खोकी रचून ठेवलेली, प्रत्येकावर लाल टॅग. क्वालिटीनं माल रिजेक्ट केला होता. जीआरएन निघणार कुठून? एक जिना उतरले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं. पुढचे सहा महिने माझे कागद काटेकोर नियमानं आले, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी. मार्च एंडला रात्री साडेनऊपर्यंत बसले, पण तक्रार करायला तोंड कुठे होतं?

आता घाईला कारणही आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत, फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर २०२३-२४ पासून तो खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरता येतो. मुदत खरी आहे, पण ती तिसऱ्या दिवशी संपत नाही. माझी सवय अशी: आधी खाली जाते, नाही जमलं तर फोन, मग त्या एकाच माणसाला दोन ओळींचा मेल. सीसी सगळ्यात शेवटी, तोही सांगून: "काका, उद्या साहेबांना टाकावं लागेल हं." निम्म्या वेळा त्या संध्याकाळीच कागद येतो. आणि एआयकडून लिहून घेतलेले ते गुळगुळीत इंग्रजी मेल कृपया पाठवू नका. काका ते वाचतच नाहीत.

दुसरी चूक गणपतीच्या रजेची. कोकणातल्यांनी गावी जायचंच, त्यावर वाद नाही. पण रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी काढायचं आणि सेक्शनला सांगायचं चार दिवस आधी, हा कुठला न्याय? १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. तिकीट कन्फर्म झालं की त्याच दुपारी शेजारच्या टेबलाला सांगा, साहेबांना नंतर. काम साहेब नाही, शेजारचं टेबल ओढणार असतं. आमच्याकडे गणपतीत माझं काम जो सांभाळतो, त्याचं ईदला मी सांभाळते. कुठे लिहिलेलं नाही, पण इतक्या वर्षांत मोडलेलं नाही.

बाकीच्या किरकोळ. दुसऱ्याच्या डब्यातल्या सुकटीला नाक मुरडू नका. लग्नाच्या वर्गणीत कोणी किती दिले ती यादी ग्रुपवर टाकू नका. ऑपरेटर वयानं मोठा असेल तर अहो-जाहो करा, तुमची डिग्री त्याला ठाऊक आहे.

आणि एक चूक आम्हा जुन्यांची. एखादी मुलगी येऊन सांगते की अमका अंगचटीला येतो, आणि आपण म्हणतो, "जुळवून घे गं, स्वभाव आहे त्यांचा." हा जुळवून घेण्याचा विषयच नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं अंतर्गत समिती असावीच लागते, आणि लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. मी अशा वेळी चहा सांगते, कागद पुढे ठेवते आणि ती लिहून होईपर्यंत शेजारी बसते.