मळ्यांना गुलाम का लागले? उत्तर लिहिताना या चुका टाळा

मळ्यांची (एकाच नगदी पिकाच्या मोठ्या वसाहती शेतांची, म्हणजे प्लँटेशन्सची) अर्थव्यवस्था गुलामांच्या श्रमांवर का उभी होती, हा प्रश्न बी. ए.च्या पेपरात येतो, स्पर्धा परीक्षांतही येतो. उत्तरं बहुतेक एकाच साच्याची असतात: उष्ण हवामान, नगदी पिकं, स्वस्त मजूर, भरपूर नफा. वाचून असं वाटतं की गुलामगिरी जमिनीतून आपोआप उगवली, कोणी ती घडवली नाही. हा समज मला फार खटकतो, म्हणून कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांवरून या चुका दाखवतो.

"गोऱ्यांना उन्हात काम जमत नव्हतं"

इंग्रजांनी १६२७ मध्ये बार्बाडोसवर वस्ती केली. तिथे तंबाखू आणि कापसाच्या शेतात आधी राबले ते मुख्यतः इंग्लंड-आयर्लंडहून आणलेले करारबद्ध नोकर, म्हणजे ठरावीक वर्षं राबण्याच्या कराराने बांधलेली माणसं. १६४० च्या दशकात ऊस आला आणि पुढच्या तीन-चार दशकांत बेटावर गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांची संख्या गोऱ्यांच्या कितीतरी पुढे गेली. ऊन तेच राहिलं, पीक आणि हिशेब बदलला.

याच चुकीची जुळी बहीण म्हणजे "आफ्रिकी माणूस मुळातच काटक". पश्चिम आफ्रिकेतल्या अनेकांना हिवताप आणि पीतज्वराविरुद्ध काही प्रतिकारशक्ती होती, एवढं खरं. पण मळ्यावरचं काम कोणाच्याच शरीराला सोसण्यासारखं नव्हतं. जमैकात सुमारे १० लाख आफ्रिकी माणसं उतरवली गेली. १८३४ मध्ये तिथे गुलामीत असलेल्यांची संख्या होती सुमारे ३ लाख ११ हजार. काहींना पुढे स्पॅनिश वसाहतींत विकलं गेलं, ते वजा केले तरी हा आकडा अंगावर येतो. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त, म्हणून जहाजं येतच राहिली.

"नगदी पीक होतं" एवढंच लिहून थांबणं

नगदी पीक तर तंबाखूही होतं. उसाचं वेगळेपण गुऱ्हाळ पाहिलेल्याला लगेच कळेल. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटते, त्यामुळे तोड, गाळप आणि उकळणं एका दमात उरकावं लागतं. मळेवाल्याचं शेत आणि कारखाना एकाच आवारात असे. लागवडीआधी टोळीने रांगेत उभं राहून कुदळींनी शेतभर चौकोनी खड्डे खणायचे. हंगामात चरक रात्रंदिवस चाले. रस ओळीने मांडलेल्या तांब्याच्या कढयांतून, मोठीतून लहानीत, पळ्यांनी ओतत न्यायचा. रात्रपाळीला झोपेने गळालेल्या माणसाचा हात उसाबरोबर चरकात ओढला जाई. तो तोडून जीव वाचवता यावा म्हणून चरकाशेजारी कुऱ्हाड तयार ठेवत, असं त्या काळच्या नोंदींत आहे.

अशा कामाला "नाही" म्हणायची मुभा असलेला माणूस टिकला नसता, किंवा त्याने जबर मजुरी मागितली असती. ती द्यायची मळेवाल्याची तयारी नव्हती. उत्तरात हे वाक्य हवं.

"गुलाम फुकट मिळत"

गुलाम विकत घ्यावा लागे, बहुतेकदा कर्ज काढून, आणि त्याची किंमत करारबद्ध नोकरापेक्षा जास्त असे. तरी मळेवाला तिकडे वळला, कारण करारबद्ध इंग्रज काही वर्षांनी सुटे, जमीन मागे, कोर्टातही जाऊ शके. गुलामाला सुटका नव्हती आणि त्याला बांधून ठेवायला कायदा होता. बार्बाडोसने १६६१ मध्ये गुलामांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि जमैकाने तो जवळपास उचलला. उत्तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीने १६६२ मध्ये ठरवलं की आई गुलाम तर मूलही गुलाम. म्हणजे जन्माला येणारं बाळसुद्धा मालकाच्या मत्तेत जमा.

"अवलंबून होती" म्हणजे दुसरा मार्गच नव्हता असं समजणं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. ब्रिटिश वसाहतींत १ ऑगस्ट १८३४ ला गुलामगिरी कायद्याने संपली आणि सक्तीची "उमेदवारी", म्हणजे सुटल्यावरही जुन्या मालकाकडेच राबायची अट, १८३८ मध्ये. पुढे काय झालं ते बेटागणिक पाहा. जमैकात डोंगराळ मोकळी जमीन होती. हजारो लोकांनी मळे सोडले, छोटे तुकडे घेऊन स्वतःची शेती केली, नवी गावं वसवली. साखरेचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं. बार्बाडोसमध्ये मोकळी जमीन उरलीच नव्हती. तिथले लोक त्याच मळ्यांवर तुटपुंज्या मजुरीवर राहिले आणि उत्पादन फारसं घसरलं नाही.

ऊस तोच, हवा तीच, माणसं त्याच इतिहासातली. फरक होता तो निघून जाता येण्याचा. माणसाला स्वतःची जमीन कसता येत असेल तर तो दुसऱ्याच्या मळ्यात मरेस्तोवर राबत नाही, म्हणून त्याचे पाय बांधले गेले. साखर गुलामांशिवाय होत होती. मळेवाल्याला हव्या त्या नफ्यात होत नव्हती.

छोट्या पण गुण घालवणाऱ्या चुका

सगळं उत्तर अमेरिकेच्या कापसावर लिहू नका. अटलांटिकपार सुमारे १ कोटी २५ लाख लोकांना जहाजांत कोंबलं गेलं. आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर थेट उतरवलेले ४ लाखांहून कमी. एकट्या ब्राझीलचा वाटा ४८ लाखांच्या आसपास. आणि "यंत्रं आली, गुलामांची गरज संपली" हेही लिहू नका. अमेरिकेत १७९३ मध्ये सरकी काढण्याचं यंत्र आल्यावर कापसाचं क्षेत्र वाढलं आणि १७९० मधले सुमारे ७ लाख गुलाम १८६० पर्यंत ४० लाखांच्या घरात गेले.

गुलामगिरी लंडनच्या दयेने संपली, असंही लिहू नका. सेंट-डोमिंगो या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत १७९१ मध्ये गुलामांचा उठाव झाला आणि १८०४ मध्ये तीच हैती नावाने स्वतंत्र झाली. जमैकात १८३१ च्या नाताळात सॅम्युअल शार्प या गुलामीतल्याच माणसाच्या पुढाकाराने मोठा उठाव झाला. ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना, राबलेल्यांना एक पेनीही नाही.

१८३४ ला उत्तर संपवणं

मळेवाल्यांनी मग भारतातून करारबद्ध मजूर नेले. मॉरिशसला ही भरती १८३४ पासूनच जोर धरू लागली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. या मजुरीला सरसकट गुलामगिरी म्हणू नका: मुदत होती, मजुरी होती, मूल जन्मतः मालकाचं नव्हतं. तशीच ती मोकळीही म्हणू नका. मॉरिशसमध्ये एक दिवस कामावर न येणाऱ्याची दोन दिवसांची मजुरी कापत, आणि मळा सोडून गेलेल्याला तुरुंगात टाकत.