घडीचा मोठा चाकू: काय बदलून घ्यावं?
खानापूरच्या पावसात घडीचा चाकू सांध्यात गंजतो, पात्यावरचा गंज निदान दिसतो तरी. म्हणून पहिला बदल तिथंच: ठोकलेल्या रिव्हेटऐवजी स्क्रू आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरचा पितळी वायसर. सैल रिव्हेट जास्त ठोकला की पातं उघडतच नाही. स्क्रू पाव फेरा आवळला की भागतं.

१० सेंटिमीटरच्या पात्याला लॉक (उघडलेलं पातं अडवून धरणारी पट्टी) हवाच, नाहीतर ऊस सोलताना पातं बोटांवर मिटतं. लॉकची पट्टी पात्याच्या बुडावर पाव ते निम्म्या जाडीपर्यंत टेकावी. पार पलीकडे गेली तर झिजायला जागाच उरत नाही.

मुठीची पाठ उघडी ठेवा, उसाचा चिकटा धुऊन निघतो. नक्षी वगैरे हौसेची बाब.