कूलंटमध्ये अडकलेली हवा : कशी ओळखावी आणि कशी काढावी

रेडिएटरचा वरचा होज पाइप बदलून आणल्यानंतर दुसऱ्याच दिवशी आमची गाडी यवतेश्वरच्या घाटात तापली. सातारा शहरात फिरताना तापमानाचा काटा मध्यावर स्थिर होता. चढ लागल्यावर तो वर सरकला, एका वळणावर झपकन खाली आला आणि पुन्हा चढला. पाइप कुठे गळत नव्हता आणि कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, बाटलीही भरलेली होती. काम झाल्यावर कूलंट भरले गेले होते, पण आतली हवा बाहेर काढलीच गेली नव्हती. गॅरेजमध्ये ज्याला ‘एअर लॉक’ म्हणतात तो हाच, आणि सबुरी असेल तर तो बहुतेक गाड्यांत घरच्या अंगणातही काढता येतो.

मूठभर हवेने एवढे का बिघडावे, हे आधी समजून घेतले पाहिजे. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटींहून अधिक असते. त्यामुळे इंजिनच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या भागात, जिथे हवेचा फुगा बसतो, तेथील धातूची उष्णता कूलंटपर्यंत पोहोचत नाही आणि तेवढाच भाग भयंकर तापतो. वॉटर पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या पात्यांत हवा शिरली की त्याची पकड सुटते आणि कूलंटचे फिरणे मंदावते किंवा थांबते. तापमान मोजणाऱ्या सेन्सरभोवती द्रवाऐवजी हवा असेल, तर काटा कधी उगाच उतरतो, कधी एकदम चढतो. म्हणूनच काटा खाली आला म्हणजे संकट टळले, असे घाटात कधीही समजू नये.

ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण मात्र काट्यापेक्षा हीटरमध्ये आहे. आपल्याकडे वर्षभरात हीटर क्वचितच लावला जातो, त्यामुळे ही तपासणी बहुतेकांना सुचतच नाही. डॅशबोर्डमागची हीटरची लहान जाळी बऱ्याच गाड्यांत उंचावर असते, आणि हवा नेहमी उंच जागा धरते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एसी बंद करून हीटरची कळ लाल टोकाला न्यावी; ब्लोअरमधून गार किंवा जेमतेम कोमट हवा येत असेल, तर त्या जाळीपर्यंत गरम कूलंट पोहोचत नाही. गाडी सुरू करताना किंवा रेस देताना डॅशबोर्डमागून ओढ्यासारखी खळखळ ऐकू आली, तर शंकेला जागाच उरत नाही.

हवा काढण्याचे काम पूर्ण गार इंजिनवरच, शक्यतो सकाळी करावे. रेडिएटरचे झाकण सुमारे १ बार इतका दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले की दाब क्षणात उतरतो, आतले कूलंट उसळून वाफेसकट तोंडावर येते. फडके धरून हळूच उघडण्याचा धोकाही पत्करू नये.

गाडीचे तोंड चढाकडे करून ती उभी करावी, म्हणजे भरायचे तोंड सर्वांत उंच राहते आणि हवा आपोआप तिकडे सरकते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांत असा चढ शोधावा लागत नाही. सांगलीसारख्या सपाट गावात पुढची चाके मजबूत रॅम्पवर चढवावी लागतील. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगडाची उटी लावावी. त्यानंतर हीटर लाल टोकाला, ब्लोअर मंद आणि एसी बंद ठेवून, उत्पादकाने सांगितलेलेच कूलंट बारीक धारेने भरावे. घाईने ओतल्यास ते स्वतःबरोबर नवी हवा आत नेते. मिश्रणासाठी बोअरचे जड पाणी वापरू नये, त्यातील क्षार जाळीत बसतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. कूलंटच्या रंगावरून त्याचा प्रकार ठरत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

काही गाड्यांत थर्मोस्टॅटजवळ (कूलंट तापल्यावर उघडणाऱ्या झडपेजवळ) किंवा हीटरच्या पाइपवर हवा सोडण्याचा छोटा स्क्रू असतो. तो सैल करून, फसफस थांबून बुडबुड्यांविना अखंड धार येईपर्यंत भरत राहावे आणि मग हलक्या हाताने बंद करावा. प्लॅस्टिकचा असेल तर थोड्या जास्त जोरानेही तो तुटतो.

आता झाकण उघडे ठेवून, तोंडावर घट्ट बसणारे नरसाळे लावून इंजिन सुरू करावे. सुरुवातीची काही मिनिटे विशेष काही घडत नाही आणि नेमके याच वेळी अनेकजण कंटाळून झाकण लावतात. थर्मोस्टॅट अनेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो. तोवर हवेचा मोठा फुगा त्याच्यामागेच अडकलेला असू शकतो. आमच्या गाडीत वरचा पाइप बराच वेळ कोमट होता, मग पाहता पाहता हात लावता येईना इतका तापला, नरसाळ्यात ‘डबुक’ असा एकच मोठा बुडबुडा फुटला आणि पातळी चार बोटे खाली गेली. अशा वेळी लगेच तेवढे कूलंट वर घालावे. जाड हातमोजे घालून वरचा पाइप दाबत-सोडत राहिल्यास उरलेले बुडबुडेही सुटतात, मात्र हात पंख्यापासून लांब ठेवावेत, कारण तो न सांगता सुरू होतो. पंखा दोनदा लागून बंद झाला, हीटरमधून चांगली गरम हवा येऊ लागली आणि बुडबुडे थांबले, की इंजिन बंद करावे. गाडी पूर्ण गार झाल्यावरच पातळी पुन्हा भरून झाकण लावावे. ज्या गाड्यांत कूलंट विजेच्या पंपाने फिरते, त्यांची पद्धत वेगळी असते आणि त्यांना स्कॅनर लागू शकतो. त्या गॅरेजलाच द्याव्यात.

सांडलेले कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुऊन पुसावे. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते, आणि अंगणातले कुत्रे-मांजर ते चाटते.

एवढे करूनही आठ दिवसांत हवा पुन्हा भरली, तर पुन्हापुन्हा ती काढत बसण्यापेक्षा ती कुठून येते हे शोधावे. झाकणाचे रबर मेलेले असू शकते किंवा पंपाच्या सीलमधून बारीक गळती असू शकते. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, बुडबुडे थांबतच नसतील, किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेडखालच्या सीलमधून, जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता मोठी आहे. अशी गाडी घेऊन पसरणी घाट चढू नये. गाडी पाणी पीत असल्याचा संशय असेल, तर बाटलीवर रोज सकाळी गार इंजिनावर मार्करने पातळीची रेघ मारावी, शेजारी तारीख लिहावी आणि चार-पाच दिवसांच्या त्या रेघा मेकॅनिकला दाखवाव्यात.